दिवा कवापास्नं लागलेला?

(स्नेहमेळाव्यात १९९६ च्या दहावीच्या बॅचतर्फे केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू आयटीत आहेस, तर एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर आपल्या ग्रुपवर पहाटे सहापासून बोलणारे चार जण आहेत, त्यांच्या पोटावर मी का पाय देऊ? मला गाडीवर बोलू द्या. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग विचारलं, "म्हणजे ड्रायव्हिंग क्लाससारखं?" तसं नाही. पण तुमच्यापैकी किती जणांनी मला एकट्याने फोटो पाठवलेत ते मला माहीत आहे. डॅशबोर्डवर पेटलेल्या दिव्याचा फोटो, आणि खाली, "हा कसला दिवा गं? चालवू का तशीच?" नावं घेत नाही, घाबरू नका. एका माजी विद्यार्थ्याने तर तो फोटो गाडी चालवता चालवता काढला होता, त्यात वेग ताशी ९० दिसत होता.

आत्ता येताना मी मैदानावर नजर टाकली. आपल्या वेळी तिथे सरांच्या दोन स्कूटर आणि बाकी सायकली असायच्या. आज उभ्या असलेल्या गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त एकाच अंगाच्या आहेत. समोरून जीपसारख्या रुबाबदार, मागून अचानक कापल्यासारख्या. माझीही तसलीच. हे कापणं डिझाइनरच्या मनातलं नसतं, ते कराचं असतं. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाडीची व्याख्या झाली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. त्या रेघेच्या आत राहिलं की कर कमी. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, पण रेघ तिथेच आहे: आत असाल तर १८ टक्के, बाहेर गेलात तर ४०. म्हणून कंपन्या चार मीटरला काही मिलिमीटर कमी अशी गाडी बसवतात. डिकीत दोन मोठ्या बॅगा आणि आईने दिलेली तांदळाची पिशवी एकत्र का मावत नाही, याचं उत्तर दिल्लीत आहे.

इंजिनाचंही तेच. १२०० च्या आत राहून ताकद हवी म्हणून पुष्कळ गाड्यांना तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन आलं. तीन सिलिंडरचं इंजिन सिग्नलला थरथरतं. चार सिलिंडरची गाडी आयुष्यभर चालवलेल्या माणसाला वाटतं, गाडीला हुडहुडी भरली. मला तीन जणांनी विचारलंय. थोडी थरथर हा त्या इंजिनाचा स्वभाव आहे. गेल्या वर्षी नव्हती आणि यंदा वाढली, तर मात्र इंजिनाच्या रबरी माउंटिंगकडे बघायला सांगा. स्वभाव आणि आजार यातला फरक ओळखायला गाडी चांगली असताना तिच्याकडे लक्ष दिलेलं असावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच आपण देत नाही.

आता मी गाडीवर बोलायला उभी का राहिले ते सांगते. यात थोडी लाज आहे, म्हणून आधी कौतुकाचं उरकून घेते. आठवीत टेक्निकल विषय घेतलेल्या आम्ही तिघीच मुली. वर्कशॉपमध्ये सर लेथजवळ उभं करायचे आणि हात मागे बांधायला लावायचे. पहिले दहा मिनिटं नुसतं बघायचं. काय हलतंय, काय हलत नाही, आवाज कुठून येतोय. मग हात लावायचा. सर आज पहिल्या रांगेत आहेत. सर, पुढची गोष्ट ऐकून तुम्हाला वाईट वाटेल.

२०२१ च्या जानेवारीत आम्ही ही गाडी घेतली. डिझेल. कारण साधं होतं. आई-अण्णा कऱ्हाडला, आम्ही पुण्यात, महिन्यातून दोनदा जाणं-येणं. डिझेल परवडतं, असं यजमानांनी कागदावर मांडून दाखवलं आणि गणित बरोबर होतं. फक्त गणितातला एक आकडा पुढे बदलला. घरून काम सुरू होतंच, नंतर ऑफिसला आठवड्यातून दोन दिवस, तेही चार किलोमीटर. मुलीचा क्लास अडीच किलोमीटर. भाजी, बँक, परत घर. कऱ्हाडची फेरी महिन्याला एकवर आली, मग दीड-दोन महिन्यांनी. गाडी महामार्गाची घेतली आणि चालवली रिक्षासारखी.

२०२२ च्या जूनअखेर डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. चौकोनी डबी, तिच्यात ठिपके, दोन्ही बाजूंना नळ्या. पडद्यावर मेसेजही आला, इंग्रजीत, लांबलचक. मी खालचं ओके दाबलं. दुसऱ्या दिवशी परत आला, परत ओके. मी कामावर काय करते ते सांगते. मोठ्या सर्व्हरवर काही बिघडलं की इंजिनिअरला इशारा जातो, ती यंत्रणा आमची टीम बांधते. नवीन मुलं आली की मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगते, कारण शोधल्याशिवाय कुठलाही इशारा बंद करायचा नाही. आणि हीच बाई रोज सकाळी ओके दाबून भाजीला जात होती. तीन आठवडे.

जुलैत एका संध्याकाळी आठच्या सुमाराला आईचा फोन आला, "अण्णा मोरीत पडलेत, उठवत नाहीये." अण्णांना तुमच्यातले बरेच जण ओळखतात. एसटीत ड्रायव्हर होते, तीस वर्षं. शाळेच्या सहलीच्या गाडीवर ते असले की मला वर्गात भाव यायचा. मुलीला सासूबाईंजवळ ठेवून आम्ही दोघं निघालो. पाऊस होता. शिरवळपर्यंत ठीक होतं. खंबाटकी चढायला लागलो आणि पहिल्याच वळणानंतर ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी ओढेना. पिवळ्या दिव्याशेजारी इंजिनाचा दिवाही लागला. दुसऱ्या गिअरमध्ये, माणूस पळेल इतक्या वेगाने, धोक्याचे दिवे लावून आम्ही तो घाट चढलो. मागून ट्रकचे हॉर्न. आरशात फक्त उजेड आणि पाणी. मी आयुष्यात एवढी घाबरले नव्हते, आणि घाटापेक्षा जास्त भीती होती ती घरची.

वरती चहाच्या टपरीपाशी गाडी लावली. हेल्पलाइनवाले म्हणाले, टोचनगाडी यायला दीड-दोन तास. मग मी आपल्या बॅचमधल्या एकाला फोन लावला. रात्रीचे पावणेदहा. दहावीनंतर त्याच्याशी माझं बोलणं म्हणजे दिवाळीचा मेसेज, एवढंच. त्याने 'बघतो' म्हटलं आणि फोन ठेवला. वीस मिनिटांनी त्याच्याच फोनवरून आईचा आवाज, "तुझा मित्र आलाय, तिघं-चौघं आहेत, फळीवर घेतलंय अण्णांना." त्याने दुकानाच्या पिकअपमधून त्यांना दवाखान्यात नेलं, एक्स-रे काढला, पैसे भरले आणि पहाटे मी पोचेपर्यंत तो बाकड्यावर बसून होता. आज तो दुसऱ्या रांगेत आहे. नाव घेतलंस तर उठून जाईन, अशी धमकी दिली आहे, म्हणून घेत नाही. पण त्याच्या शेजारी बसलेल्यांनी त्याच्या पाठीवर एक थाप मारली तर चालेल.

मी कशी पोचले? यजमान गाडीपाशी थांबले आणि मी रस्त्यावर उभी राहिले. एक एसटी चढ संपवून हळू येत होती, हात केला. ड्रायव्हरने काच खाली केली. मी म्हटलं, एसटीच्या ड्रायव्हरची मुलगी आहे, वडील पडलेत, कऱ्हाडला सोडा. त्याने अण्णांचा डेपो विचारला आणि दार उघडलं. कंडक्टरने तिकीट मात्र फाडलं, ते बरोबरच आहे.

अण्णांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर नीट आल्यावर आईने त्यांना माझ्या उशिराची हकिकत सांगितली. मला वाटलं, म्हणतील, पोरीचे किती हाल झाले. ते म्हणाले, "दिवा कवापास्नं लागलेला?" मी म्हटलं, तीन आठवडे. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

आता त्या दिव्याचं सांगते, कारण डिझेल गाडी असलेले इथे पुष्कळ आहेत. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ चे नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत एक फिल्टर आला. त्याला डीपीएफ म्हणतात. काजळी बाहेर न जाता त्यात साठते. चुलीवरच्या धुराड्यासारखं आहे, काजळी साठली की साफ करावं लागतं. गाडी ते आपणहून करते. जास्तीचं डिझेल वापरून फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळून टाकते. पण त्याला सलग पंधरा-वीस मिनिटं पळती गाडी लागते. आपण अडीच किलोमीटरवर क्लासपाशी इंजिन बंद केलं की काम अर्धवट. पुन्हा उद्या सुरू, पुन्हा अर्धवट. काजळी वाढत जाते. शेवटी गाडी स्वतःला वाचवण्यासाठी ताकद काढून घेते. त्या रात्री घाटात तेच झालं. गाडी बिघडली नव्हती. ती तीन आठवडे जे मागत होती ते मी दिलं नव्हतं.

साफसफाई चालू असल्याच्या खुणा दिव्याच्या आधीपासून दिसतात. उभ्या गाडीचे आरपीएम नेहमीपेक्षा थोडे वर असतात. गाडी बंद केल्यावरही पुढचा पंखा जोरात फिरत राहतो. गरम, जळका वास येतो. सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी त्या दिवशी बंद होत नाही. हे दिसलं की घरी पोचलात तरी आत वळू नका, आणखी दहा-पंधरा मिनिटं फिरवा. फक्त डीपीएफचा दिवा लागला असेल, तर मोकळ्या रस्त्यावर ताशी साठ-सत्तरने, नेहमीपेक्षा एक गिअर खाली ठेवून, आरपीएम दोन हजारांच्या आसपास, वीस-पंचवीस मिनिटं. दिवा जातो. त्याच्याबरोबर इंजिनाचा दिवाही आला आणि ताकद गेली, तर मात्र रस्त्यावर प्रयोग करू नका. वर्कशॉपमध्ये मशीन जोडून करावं लागतं. मला ऑइल बदलण्यासकट साडेअकरा हजार लागले. फिल्टर नवा घालावा लागला असता तर खर्च लाखाच्या घरात गेला असता.

ऑइल का बदललं? अर्धवट साफसफाईत जास्तीचं डिझेल थोडं थोडं इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणजे ऑइलची पट्टी काढून बघितली तर पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते! आपल्याला लहानपणापासून शिकवलंय, ऑइल कमी झालं की वाईट. इथे खुणेच्या वर गेलं तरी वाईट, कारण ते पातळ झालेलं असतं. आणि ऑइल कमी राखेचंच घाला, पुस्तकात ग्रेड दिलेला असतो. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने दिलेलं "त्याहून भारी" ऑइल भारी असेलही, पण त्याची राख फिल्टरमध्ये कायमची राहते. काजळी जळते, राख जळत नाही.

तेव्हापासून माझा नियम झाला. दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी खेड शिवापूरपर्यंत जाऊन यायचं. मुलगी म्हणते, आईने गाडीला फिरायला नेलंय. कुत्र्याला नेतात तसं.

ज्यांची नवीन गाडी घ्यायची चाललीय त्यांनी एवढंच करा. महिनाभर वहीत लिहा, रोज किती किलोमीटर आणि एका दमात किती. एका दमाचा आकडा पाचच्या आत असेल तर डिझेल घेऊ नका, शेजाऱ्याने कितीही ॲव्हरेज सांगितलं तरी.

पेट्रोलवाल्यांची तक्रार वेगळी, आणि ती या तालुक्यात मोठ्याने करायची पंचाईत आहे. ॲव्हरेज कमी झालं, असं सगळे म्हणतात. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. विसाचा एक तृतीयांश, म्हणजे सहा-सात टक्के. पंधरा देणारी गाडी चौदा देईल. एवढी घट हिशोबातली आहे, तिच्यासाठी इंजेक्टर साफ करून घेण्याचे पैसे घालवू नका. पंधराची अकरा झाली तर इथेनॉलला बोल लावू नका, टायरची हवा बघा. त्या इथेनॉलमध्ये आपल्याच कारखान्यांचा ऊसही आहे, त्यामुळे मी याहून जास्त बोलत नाही. इथे निम्मे सभासद बसलेत.

हवेचं निघालंच आहे तर सांगते. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर तुमच्या गाडीच्या टायरची हवा लिहिलेली असते. दोन माणसं असताना वेगळी, गाडी भरलेली असताना वेगळी. पंक्चरवाला विचारतो, "चाळीस टाकू?" तो प्रेमाने विचारतो, पण नाही म्हणा. जास्त हवेने गाडी उड्या मारते, टायर मधेच झिजतो आणि पावसात पकड कमी होते. हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी तपासायची. पंपापर्यंत पाच-सात किलोमीटर चालवत गेलात की टायर तापून आकडा वाढलेला दिसतो. दोन-चारशे रुपयांचं मोजायचं यंत्र घ्या. आणि टायरच्या अंगावर लंबगोलात चार आकडे असतात, ते वाचा. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं. स्टेपनीचेही वाचा, तिला सगळे विसरतात. बऱ्याच गाड्यांची स्टेपनी लहान असते, तिच्यावर ताशी ८० च्या वर जायचं नसतं. तसं तिच्यावर लिहिलेलंच असतं.

सनरूफ. मुलांच्या हट्टाने घेतलेलं, वर्षातून चार वेळा उघडलेलं. एकीचा मला रडवेला फोन आला होता, "छतातून पाणी गळतंय, गाडी फुटली." गाडी फुटत नाही. सनरूफच्या काचेभोवती पन्हळ असते, पाणी तिच्यात येणं अपेक्षितच आहे. कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांमधून खाली जातात आणि पाणी रस्त्यावर सोडतात. गाडी कडुनिंबाखाली लावता ना? पानं आणि मोहोर त्या भोकांत बसतात, मग पाणी आतल्या दिव्यातून किंवा पायाखालच्या कार्पेटमध्ये उतरतं. मे महिन्यात सनरूफ उघडून पन्हळ ओल्या फडक्याने पुसा आणि प्रत्येक कोपऱ्यात अर्धा कप पाणी ओता. गाडीखाली पडलं तर ठीक. नाही पडलं तर गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी हळूच घाला. हवेच्या मशीनचा जोरात झोत मारू नका, आतली नळी निसटते आणि मग पूर्ण छत उतरवावं लागतं. हे मी अनुभवाने सांगते. कोणाच्या, ते विचारू नका.

पावसातली दुसरी गोष्ट काचेवरच्या धुक्याची. लोक फडक्याने पुसत बसतात, तेही घाटात. धुकं आतून असेल तर एसी चालू, हवा काचेवर आणि हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण बंद. चार माणसांच्या श्वासाचं पाणी बाहेर जाऊ दे. धुकं बाहेरून असेल, म्हणजे वायपर फिरवल्यावर जात असेल, तर काच फार गार झाली आहे, एसी थोडा गरम करा. आणि एसीला मोज्यासारखा वास येत असेल, तर बहुतेक गाड्यांत पुढच्या कप्प्यामागे एक फिल्टर असतो, तो काढून बघा. बघून झाल्यावर जेवण जाणार नाही, म्हणून आज जेवणाआधी नको. घरी पोचायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, आतली ओल सुकते.

उंदीर. आमच्या सोसायटीच्या तळघरात एका महिन्यात तीन गाड्यांच्या वायरी खाल्ल्या. मी तंबाखूची पुरचुंडी बांधली. चौथ्या दिवशी पुरचुंडीही नव्हती. त्या उंदराला व्यसन लागलं असावं. उपयोग झाला तो दोनच गोष्टींचा: कचऱ्याच्या डब्यांपासून गाडी हलवली, आणि दोन दिवसांच्या वर एका जागी उभी ठेवली नाही. विमा पॉलिसीत उंदराचं नुकसान धरलंय का ते मात्र आजच वाचा.

बॅटरीचं थोडं सविस्तर सांगते, कारण अण्णांसारखे जुने लोक म्हणतात, धक्का मारा. बटणाने सुरू होणाऱ्या गाड्या सहसा धक्क्याला दाद देत नाहीत, ऑटोमॅटिक तर मुळीच नाही. गाडीजवळच्या भिंतीवर खिळ्याला किल्ली टांगत असाल तर काढा, गाडी आणि किल्ली रात्रभर एकमेकींना हाका मारत राहतात आणि दोघींच्या बॅटऱ्या उतरतात. किल्लीची बॅटरी संपली तर घाबरू नका. किल्लीच्या पोटात लोखंडी किल्ली असते, तिने दार उघडा, आणि किल्लीच बटणाला टेकवून बटण दाबा, बहुतेक गाड्या सुरू होतात. गाडीचीच बॅटरी संपली तर दुसऱ्या गाडीवरून घेताना क्रम असा: लाल चिमटा आधी मेलेल्या बॅटरीला, मग जिवंत बॅटरीला. काळा जिवंत बॅटरीला, आणि शेवटचा काळा मेलेल्या बॅटरीला नाही, तिच्यापासून लांब इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. ठिणगी उडालीच तर बॅटरीपाशी उडू नये म्हणून.

सर्व्हिसिंगला मी एकटी जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरवरचा मुलगा माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला, "मॅडम, सर नाही आले?" मी म्हटलं, सर वर्कशॉपमध्ये आहेत, १९९४ पासून. त्याला कळलं नाही. आपल्या सरांना कळलं, ते हसतायत. यादीत इंजिन फ्लश, कोटिंग, एसीचं निर्जंतुकीकरण असं सहा-सात हजारांचं असतं. मी भांडत नाही. गाडीचं पुस्तक काउंटरवर उघडून ठेवते आणि विचारते, यातलं कुठलं या पानावर आहे? जे पानावर आहे ते करा. बाकीचं पुढच्या वेळी. मुलगा वाईट नसतो, त्यालाही महिन्याचं टार्गेट असतं. मैत्रिणींनो, तुम्ही मात्र जा. गाडी तुम्ही चालवता आणि ती आजारी पडल्यावर तिच्याबद्दल दुसऱ्याने सांगायचं, हे मला पटत नाही. आवाज कुठून आणि कधी येतो ते तुम्हालाच माहीत असतं. "आवाज येतो" असं सांगू नका. "सकाळी पहिल्यांदा, डावीकडे वळताना, स्पीडब्रेकरवर" असं सांगा. निम्मं काम तिथे होतं.

अण्णा आता काठी घेऊन चालतात. या वर्षी ते ८१ चे झाले. गाडी ५८ हजार किलोमीटर झाली आहे. मी आले की ते आधी गाडीकडे येतात, मग माझ्याकडे. काठीने चारही टायरवर टकटक करतात, वाकून गाडीखाली बघतात की काही गळत नाही ना. डेपोतून गाडी काढताना रोज करायचे तसंच. घाटाबद्दल त्यांचं एकच सांगणं असायचं, ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक तापवू नका. ऑटोमॅटिकवाल्यांनो, तुमच्या गाडीलाही हाताने खालचा गिअर धरायची सोय असते, उतारावर ती वापरा. मग शेवटी ते मला स्टार्टर दाबायला लावतात आणि खिडकीतून डोकं घालून डॅशबोर्ड बघतात. सगळे दिवे लागतात आणि एकेक करून विझतात. शेवटचा विझेपर्यंत ते थांबतात. आज सकाळीही थांबले. मग म्हणाले, "जा आता, शाळेत उशीर हुईल."

माझी गाडी प्रयोगशाळेच्या भिंतीलगत, चिंचेखाली आहे. हवा मोजायचं यंत्र आणि बॅटरीच्या वायरी डिकीत आहेत. जेवणानंतर ज्यांना आपल्या टायरवरचे चार आकडे वाचायचे असतील त्यांनी या. ज्याने ताशी ९० चा फोटो पाठवला होता त्याने आधी यावं. सर, तुम्हीही या, बोनेट उघडून ठेवते. पहिले दहा मिनिटं कोणी हात लावणार नाही.